पायाळूची लाथ आणि कंबरेचा तोल

कंबरेत उसण भरली की गावाकडे पूर्वी पहिली आठवण डॉक्टरची होत नसे, पायाळूची होत असे. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीत पुरलेलं गुप्तधन दिसतं, असे नाना समज त्याच्या वाट्याला येत. त्यातला रोजच्या उपयोगाचा समज एकच होता, की त्याने कंबरेला पाय लावला की उसण उतरते. मग चिखलणीत वाकून वाकून किंवा भरलेली कळशी उचलताना कंबर धरलेला गडी ओसरीवर पालथा पडे आणि शेजारची सात-आठ वर्षांची पायाळू पोर लाजत लाजत त्याच्या पाठीला पाय लावी. मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणून आधी नमस्कार, मग लाथ, मग पुन्हा नमस्कार.

हे वाचून हसू येत असेल तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकांनाही त्यात सामील करून घ्यायला हवं. वॉल्टर ग्रेगर यांनी १८८१ मध्ये तिथल्या लोकसमजुती नोंदवून ठेवल्या. पायांनी जन्मलेलं माणूस लचक आणि कंबरदुखी बरी करतं, दुखऱ्या जागेवर हाताने चोळून किंवा पायाने तुडवून, आणि गुण मुख्यतः त्याच्या पावलांत असतो, हे त्यांत आहे. कोकणातल्या ओसरीवर आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर माणसांना एकच इलाज सुचला. त्याच्याही फार आधी, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात पाठीला आलेल्या बाकावर दाब कसा द्यावा हे सांगितलं आहे. रोग्याला फळीवर पालथं बांधून दोन्हीकडून ताणायचं आणि वर हाताने दाबायचं, बाकावर बसायचं किंवा पाय देऊन त्यावर भार टाकायचा.

आता मुख्य गोष्ट. पायाळूच्या लाथेने उसण उतरत असे, हे लोक खोटं सांगत नव्हते. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच माणूस इलाज शोधतो, आणि शिगेला पोचलेली गोष्ट त्यानंतर उतरणारच असते. श्रेय मात्र मधल्या लाथेला मिळतं. कंबरदुखीवरच्या प्रत्येक उपचाराचा, मग तो ओसरीवरचा असो की वातानुकूलित क्लिनिकमधला, हिशेब मांडताना ही एक वजाबाकी आधी करावी लागते.

हिशेब मांडणं आवश्यक आहे, कारण दुखणं लहान नाही. २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. माणसाला सर्वाधिक वर्षं अधू करून ठेवणारा आजार म्हणून जगाच्या यादीत तिचा नंबर पहिला लागतो. आणि या दुखण्यात एक गोष्ट अशी बिघडते, जिची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. ती म्हणजे तोल.

कंबर आणि तोल यांचं नातं

सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, माकडहाडाच्या वर जे त्रिकास्थी असतं, त्याच्या समोर असतो. शरीराचा सगळा भार ज्या बिंदूत एकवटला आहे असं धरता येतं तो बिंदू म्हणजे, ढोबळमानाने, आपली कंबर. त्यातून खाली सोडलेला ओळंबा घोट्याच्या जरा पुढे पडतो. म्हणजे नुसतं उभं असतानाही आपण सतत किंचित पुढे पडत असतो आणि पोटऱ्या आपल्याला मागे ओढून धरत असतात. स्थिर उभं राहणं असं काही नसतंच. आपण सगळेच अगदी थोडे डोलत असतो.

हे डोलणं आटोक्यात ठेवायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतल्या भागातून, जिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठे वळलं ते सांगतात. तिसरी स्नायू, सांधे आणि तळपायांकडून. अंधारात पाण्याचा तांब्या बरोबर तोंडाशी नेता येतो तो या तिसऱ्या खबरेमुळे. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये तिला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. आपण तिला अंगभान म्हणू.

अंगभान गेलं तर काय होतं, हे बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं होतं. ज्यांच्या मज्जारज्जूतल्या संवेदना नेणाऱ्या वाटा सडल्या होत्या, असे रोगी डोळे उघडे ठेवून ठीक उभे राहत. डोळे मिटले की डुलू लागत. तोंड धुताना पाण्याचा हबका मारण्यासाठी डोळे मिटले की ते पुढे कोलमडत. तीनपैकी एक खबऱ्या आधीच मेला होता आणि दुसऱ्यालाही घरी पाठवलं, म्हणून हा घोटाळा. डॉक्टर आजही ही परीक्षा घेतात आणि तिला रोम्बर्गचंच नाव आहे.

कंबरदुखीच्या माणसाचा खबऱ्या मेलेला नसतो, पण त्याचं बोलणं अस्पष्ट झालेलं असतं. मणक्यांना चिकटून, दोन्ही बाजूंनी उतरत जाणारे मल्टिफिडस नावाचे छोटे स्नायू आहेत. मणक्यांना आधार देणं हे त्यांचं काम. त्यांच्यात तारेच्या गुंडाळीसारखे अतिसूक्ष्म ताणमापक असतात आणि ते मेंदूला कंबर किती वाकली, कुठे वळली ते कळवत राहतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड इथे ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या माणसांचे हे स्नायू सोनोग्राफीने पाहिले. दुखऱ्या बाजूचा, दुखऱ्या मणक्याजवळचा मल्टिफिडस आक्रसलेला होता. नंतर १९९६ च्या अभ्यासात त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसली. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं थांबलं, माणसं कामाला लागली, पण स्नायू आपोआप भरून आला नाही. दहा आठवड्यांनीही नाही. ज्यांच्याकडून नेमका तोच स्नायू वापरायला लावणारे व्यायाम करून घेतले होते, त्यांचाच भरून आला.

त्या ३९ जणांचा पुढेही मागोवा घेतला गेला. वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांची कंबर पुन्हा धरली, न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांची. माणसं थोडी होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण दुखणं गेलं म्हणजे कंबर पूर्ववत झाली असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या सिमोन ब्रुमाने यांच्या गटाने हेच दुसऱ्या बाजूने तपासलं. एखाद्या स्नायूवर ठरावीक वेगाने थरथरणारं छोटं यंत्र लावलं की तो ताणला जातोय असा मेंदूचा समज होतो आणि माणूस नकळत झुकतो. पोटरीवर यंत्र लावलं तेव्हा कंबरदुखीची माणसं निरोगी माणसांपेक्षा जास्त झुकली, कंबरेवर लावलं तेव्हा कमी. कंबरेकडून येणाऱ्या निरोपांवरचा मेंदूचा विश्वास उडाला होता आणि सगळी भिस्त घोट्यांवर आली होती. सपाट फरशीवर हे चालून जातं. धावत्या लोकलमध्ये दांडी न धरता उभं राहायचं तर घोटे पुरे पडत नाहीत, तिथे कंबरेलाच वळावं लागतं.

फोर्स प्लेट नावाच्या वजनकाट्यासारख्या फळीवर उभं केलं की माणसाच्या डोलण्याची रेघ संगणकावर उमटते. निरोगी माणसाची रेघ म्हणजे लहान मुलाने एका जागी गिरवलेला छोटासा गुंता. कंबरदुखीच्या माणसाचा गुंता बऱ्याचदा मोठा, विशेषतः डोळे मिटल्यावर. काही जण मात्र भीतीने सगळं अंग आखडून घेतात आणि निरोगी माणसापेक्षाही कमी डोलतात. दोन्ही प्रकार तोल बिघडल्याचेच आहेत. आखडलेलं अंग धक्का लागला की खांबासारखं पडतं.

हात काय करतो?

हाडवैद्याची विद्या जगभर घराण्यांत चालत आली. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला सांधा बसवता येत असे, इंग्लंडमध्ये लोहार आणि शेतकरी हे काम करीत. डॉक्टर त्यांना हसत आणि त्यांचे रोगी मात्र गुपचूप हाडवैद्याकडे जात. १८६७ मध्ये लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात, याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांच्यात जे चांगलं आहे ते शिका, असं त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं.

शिकले ते वेगळेच लोक. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची घोषणा केली. १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका ‘बसवला’. त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक जन्माला आलं. मणके किंचित सरकतात, नसा दाबतात आणि बहुतेक रोग त्यातून होतात, हे पामर यांचं म्हणणं. पुराव्यावर ते टिकलं नाही, पण ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ हे वाक्य त्याने जगाला दिलं.

फिजिओथेरपीतला हातांचा उपचार या दाव्यांपासून हळूहळू दूर झाला. त्याला शिस्त लावणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांचं नाव मोठं आहे. मेटलँड पद्धतीत रोगी पालथा झोपतो. उपचार करणारी व्यक्ती दोन्ही अंगठे जोडून मणक्याच्या मागे जाणवणाऱ्या हाडाच्या टोकावर ठेवते आणि सेकंदाला दोन-तीन या लयीत दाबते-सोडते. दाब अंगठ्यांच्या ताकदीचा नसतो. कोपरं जवळजवळ सरळ ठेवून खांद्यांवरून अंगाचा भार खाली सोडलेला असतो. पहिल्या पायरीला हालचाल इतकी हलकी असते की रोग्याला वाटतं, अजून सुरुवातच झालेली नाही. चौथ्या पायरीला ती सांध्याच्या हालचालीच्या शेवटच्या टोकाशी जाते. मधूनमधून एकच प्रश्न येतो, ‘आता कसं वाटतंय?’ आणि उत्तरावर पुढचा दाब ठरतो.

याच्या पुढची पायरी झटक्याची. रोग्याला कुशीवर घेऊन, वरचा गुडघा वाकवून, खांदा मागे आणि ओटीपोट पुढे असा पीळ द्यायचा. सैलपणा संपतो तिथे क्षणभर थांबायचं आणि एक छोटासा, वेगवान झटका द्यायचा. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत आटोपतो. कट्ट असा आवाज येतो आणि रोग्याला वाटतं, बसला मणका!

बसलेला मात्र काहीच नसतो. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे पृष्ठभाग एकदम अलग झाले की तिथे पोकळी तयार होते आणि त्या वेळी आवाज होतो. कॅनडात २०१५ मध्ये एमआरआयच्या आत बोटं मोडून हे चलतचित्रात टिपलं गेलं. तोच सांधा पुन्हा मोडायला वीसेक मिनिटं थांबावं लागतं, हेही त्यामुळेच. बोटं मोडल्याने संधिवात होतो, असं आजी सांगे. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी आईचं असंच म्हणणं तपासायला साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच निरोगी राहिले. २००९ मध्ये त्यांना इग् नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं.

मणका सरकतो-बसतो या कल्पनेची सरळ परीक्षाही झाली आहे. स्वीडनमध्ये १९९८ साली दहा रोग्यांच्या हाडांत बारीक धातूचे मणी बसवून, कंबर आणि ओटीपोट जिथे जुळतात तो सांधा झटका देण्याआधी आणि नंतर क्ष-किरणांनी अतिशय बारकाईने मोजला गेला. हात लावून तपासणाऱ्यांना सांधा हलून जागेवर आला असं वाटलं. मोजमापात तो जागचा हलला नव्हता. दुसऱ्या एका अभ्यासात, नेमका कुठला सांधा वाजला ते त्वचेवर कंपनमापक लावून पाहिलं. कंबरेत वाजलेली जागा ठरवलेल्या जागेपासून सरासरी पाच सेंटिमीटर दूर होती, म्हणजे बऱ्याचदा शेजारचाच मणका वाजत होता. रोग्यांना तरीही बरं वाटतं.

मग बरं कशाने वाटतं? सध्या सर्वांत पटणारं उत्तर मज्जासंस्थेत आहे. दाबाने आणि झटक्याने स्नायूंतले आणि सांध्यांतले ताणमापक एकदम जागे होतात, त्यांच्या निरोपांचा लोंढा मज्जारज्जूत शिरतो आणि वेदनेची वाट काही काळ अरुंद होते. आखडलेले स्नायू सैल पडतात. कोणीतरी लक्ष देऊन हात लावला, ऐकून घेतलं, धीर दिला, याचाही वाटा असतो. वाकलो तर काहीतरी मोडेल, ही भीती एका कट्ट आवाजाने निघून जाते. परिणाम खरा असतो, पण तासांचा किंवा दिवसांचा.

तोल परत येतो का?

आता हिशेबाची वेळ. या प्रश्नावर तीन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला अमेरिकेच्या सैन्यातला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, कंबरदुखी असलेल्या १८ ते ४० वयाच्या ११० जणांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला चार आठवडे कायरोप्रॅक्टिक उपचार मिळाले, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. उपचार मिळालेल्यांची ताकद वाढली, पाठीचा दम वाढला, आणि डोळे मिटून एका पायावर उभं राहणंही सुधारलं. बातमी चांगली आहे, पण थांबलेल्या गटाला माहीत होतं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. पायाळूची लाथ मिळालेला गट आणि न मिळालेला गट अशी तुलना केली असती, तरी लाथ जिंकण्याची शक्यता होतीच.

दुसरा अभ्यास २०१६ चा, पामर यांच्या त्याच डेव्हनपोर्ट गावातल्या कायरोप्रॅक्टिक संशोधकांचा. यात २२१ जण होते. काहींना झटक्याचा उपचार, काहींना सावकाश हलवण्याचा आणि काहींना नुसता उपचारासारखा दिसणारा, पण जोर नसलेला हात. दोन आठवड्यांनी उभ्याने डोलणं आणि अचानक आलेल्या भाराला स्नायूंनी दिलेला प्रतिसाद मोजला. खऱ्या आणि खोट्या उपचारांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. ज्या गावात या विद्येचा जन्म झाला, तिथल्याच लोकांनी आपल्या विद्येविरुद्ध गेलेला निकाल छापला, याला दाद द्यायला हवी.

तिसरा २०१२ चा. ३८ रोग्यांना तीन-चार दिवसांच्या अंतराने तीन वेळा हातांचे उपचार दिले आणि दर वेळी दुखणं आणि डोलणं दोन्ही नोंदवलं. वेदना जशी कमी झाली तसं डोलणंही कमी होत गेलं. खोट्या उपचाराचा गट इथे नव्हता, त्यामुळे श्रेय हाताला द्यायचं की निसर्गाला, हे ठरत नाही. वेदना आणि तोल एकमेकांना बांधलेले आहेत, एवढं मात्र दिसतं.

तिन्ही एकत्र वाचले की चित्र असं दिसतं. हाताचा उपचार तोलाच्या यंत्रणेला थेट दुरुस्त करतो, याला भक्कम पुरावा नाही. तो वेदना कमी करतो, आणि वेदना हा तोलाचा मोठा शत्रू आहे. वरातीतला डीजे शेजारी दणाणत असेल तर समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. वेदनेचा गलबला कमी झाला की कंबरेचे निरोप मेंदूला पुन्हा ऐकू येऊ लागतात. पण हाइड्स यांच्या रोग्यांचा मल्टिफिडस आठवा. गलबला थांबला तरी आक्रसलेला स्नायू हाताने भरून येत नाही, आणि मेंदूची घोट्यांवर भिस्त ठेवायची सवयही आपोआप सुटत नाही. त्या दोन्ही गोष्टी वापराने येतात. म्हणून उपचारानंतरचे जे एक-दोन बरे दिवस मिळतात, त्यांत कंबर कामाला लावली तरच उपचाराचे पैसे वसूल होतात. त्या दिवसांत आरामखुर्चीत पडून राहिलात, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच टेबल आणि तीच फी.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मार्गदर्शिका काढली. दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मानसशास्त्रीय मदत, मणक्यावरचा हातांचा उपचार आणि मालिश यांना तिने पसंती दिली. कंबर ताणून धरणारं ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि कंबरेचा पट्टा यांना दिली नाही. आपल्याकडे ट्रॅक्शन आणि पट्टा यांवाचून कंबरेचा उपचार झाल्यासारखा वाटतच नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. ब्रिटनच्या २०१६ मधल्या अधिकृत शिफारशींत तर हातांचा उपचार व्यायामासोबतच द्यावा, एकटा देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

एमआरआयच्या कागदालाही फार घाबरू नये. ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तर विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पिकतात तसंच हे.

तोल कमवायला उपकरणं लागत नाहीत. दात घासताना एका पायावर उभे राहा, बेसिन हाताशी असतंच. ते जमू लागलं की फरशीच्या रेषेवरून टाच पुढच्या पावलाला लावत चाला. मग दाराच्या चौकटीत, दोन्ही बाजूंना हात टेकता येतील असे उभे राहून, डोळे मिटून पाहा. पहिल्या दिवशी तीन सेकंद टिकलात तरी लाज वाटू देऊ नका. याच्या जोडीला रोजचं चालणं, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीचे दोन-तीन व्यायाम. वयस्क मंडळींनी हे सोबत कोणी असताना करावं. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांवर झालेल्या अभ्यासात, सुमारे पाचातल्या एकाला एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातले मृत्यू अधिक होते. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं, असा त्याचा अर्थ नाही. तोल हा एकंदर तब्येतीचा आरसा आहे, इतकाच आहे. पडण्याने जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं मरतात, हे मात्र विसरू नये.

काही वेळा कंबरेला कोणाचाच हात लागू द्यायचा नसतो. मांड्यांच्या मधल्या, खोगिरावर टेकतो त्या भागाला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा सुटू लागली, पायातली ताकद झपाट्याने गेली, तर थेट रुग्णालय गाठावं, तेही त्याच दिवशी. बारीक ताप, वजन घटणं, रात्री जास्त वाढणारी वेदना असेल, तर आधी तपासण्या हव्यात. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही दुर्मीळ नाही. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला झटका देऊ नये. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर तसं आधी सांगावं. आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची हौस सोडून द्यावी. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात आणि झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

पायाळूकडे एक गुण होता. तो पुन्हा पुढच्या मंगळवारी या, असं सांगत नसे. लाथ मारून झाली की गडी उठे, दोन पावलं चालून बघे आणि कामाला लागे. त्या उपचारातलं औषध बहुधा त्या उठून चालण्यातच होतं. तुमची कंबर ज्याच्या हातात द्याल, त्याला टेबलावरून उतरल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: ‘आता मी घरी काय करू?’ उत्तर नीट मिळालं, तर तो हात चांगला. फक्त पुढची तारीख मिळाली, तर दुसरा हात शोधा.